'सेट' आणि 'रन': दोन इंग्रजी शब्दांचे अनेक अर्थ शेजारी ठेवून कसे अभ्यासावेत

इंग्रजीतले लांबलचक, भारदस्त शब्द एकदा शब्दकोशात पाहिले की बहुतेक वेळा काम भागतं, कारण त्यांना एखाद-दुसराच अर्थ असतो. अडवतात ते 'सेट', 'रन', 'गेट', 'टेक' यांसारखे इवलेसे शब्द. ते आपल्याला शाळेपासून माहीत असतात, तरीही बातमीच्या मथळ्यात किंवा एखाद्या करारात ते भलत्याच अर्थाने समोर येतात आणि वाचन अडखळतं. अशा शब्दाचे अर्थ एकाखाली एक लिहून पाठ करण्यात मला काही राम वाटत नाही. आठवडाभरात सगळं विसरायला होतं. दोन शब्द शेजारी ठेवले, एकाच्या अर्थावरून दुसऱ्याचा अर्थ तपासला, तर मात्र दोन्ही मनात घर करतात. ते कसं करायचं, हे इथे 'सेट' आणि 'रन' या जोडीवरून दाखवलं आहे. पद्धत कुठल्याही जोडीला लागू पडते.

हीच जोडी घेण्यामागे कारण आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ मध्ये निघालेल्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद 'सेट' या क्रियापदाची होती: ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचं विवेचन. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा २००० साली 'मेक'ने, २००७ साली 'पुट'ने आणि २०११ साली 'रन'ने हा मान पटकावला. 'रन'चे एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले गेले. हे आकडे पाहून घाबरून जायचं कारण नाही. रोजच्या वाचनात दोघांचे मिळून पंचवीस-तीस अर्थ येतात, आणि ते सगळे दोन-चार मुळांपाशी येऊन मिळतात.

आधी जोडी नीट निवडा

कोणतेही दोन शब्द उचलून शेजारी ठेवले तर हाती काही लागत नाही. एकच कसोटी लावा: दोन्ही शब्द ज्यांच्याबरोबर वापरता येतील, पण अर्थ वेगळा होईल, अशी चार-पाच नामं सापडतात का? 'सेट' आणि 'रन' यांच्याबाबत घड्याळ, चाचणी, कंपनी, कथा आणि रंग ही नामं सहज सापडतात. 'रन' आणि 'ब्लू' या जोडीत असं एकही सापडणार नाही, म्हणून ती तुलना व्यर्थ. सामाईक नामं नसतील तर जोडी बदला.

मुळं वेगळी आहेत का ते पाहा

एकाच स्पेलिंगखाली कधीकधी दोन वेगळे शब्द राहत असतात. नदीचा काठ या अर्थाचा 'बँक' आणि पैसे ठेवायची 'बँक' ही परिचयाची उदाहरणं. चांगल्या शब्दकोशात अशा शब्दांच्या नोंदी वेगवेगळ्या असतात आणि शब्दाच्या डोक्यावर बारीक १, २ असे आकडे असतात. तुलना सुरू करण्याआधी हे आकडे पाहून घ्यावेत, नाहीतर ज्यांचा एकमेकांशी संबंधच नाही अशा अर्थांमध्ये नातं शोधण्यात वेळ जातो.

'सेट'च्या बाबतीत हे लक्षात घ्यायलाच हवं. 'संच' या अर्थाचं नाम, म्हणजे गणितातला संच किंवा अवजारांचा सेट, मुळात लॅटिनमधल्या 'सेक्टा' या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आलं. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' हा त्याचाच भाऊबंद. पुढे ते क्रियापदाच्या अर्थांत इतकं मिसळलं की आज त्यांची सरमिसळ वेगळी काढणं अवघड झालं आहे. तरी वहीत 'संच'वाले अर्थ वेगळ्या पानावर लिहा. आपलं खरं काम क्रियापदाशी आहे.

त्या क्रियापदाचं मूळ मराठी माणसाला फार सोयीचं आहे. जुन्या इंग्रजीत 'सिट्टान' म्हणजे बसणं आणि 'सेट्टान' म्हणजे बसवणं. 'सेट' हे 'सिट'चं प्रयोजक रूप आहे. आपल्याकडे बसणे-बसवणे, पडणे-पाडणे अशा जोड्या जिवंत आहेत. इंग्रजीत 'सिट-सेट', 'फॉल-फेल', 'लाय-ले' अशा मोजक्याच उरल्या. हे एकदा ध्यानात आलं की 'सेट'च्या निम्म्या अर्थांचं कोडं आपोआप सुटतं. अंगठीत खडा बसवणं, मोडलेलं हाड बसवणं, या दोन्हींना इंग्रजीत 'सेट'च लागतं, आणि मराठीतही नेमकं तेच क्रियापद आहे.

वाक्यं गोळा करा, व्याख्या नकोत

प्रत्येक शब्दाची पंधरा-वीस वाक्यं जमवा. ती कुठल्या शब्दकोशातून घेता याला महत्त्व आहे, कारण सगळे शब्दकोश अर्थ एकाच क्रमाने देत नाहीत. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर हे अर्थ इतिहासक्रमाने देतात: जो अर्थ आधी रूढ झाला तो वर. तिथला पहिला अर्थ आज क्वचितच वापरला जात असेल, असंही होऊ शकतं. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या कोशांत नेहमीच्या वापरातले अर्थ आधी घेतात. १९४२ साली जपानमध्ये ए. एस. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या कोशातून पुढे ऑक्सफर्डचा ॲडव्हान्स्ड लर्नर्स कोश उभा राहिला. सुरुवात त्याने करावी. १९८७ मध्ये निघालेला कॉलिन्स कोबिल्ड कोश मला याहून उपयोगी वाटतो, कारण त्यात व्याख्याच पूर्ण वाक्यात असते. शब्दाला कर्म लागतं का, कर्ता माणूस असतो की वस्तू, हे त्या वाक्यावरूनच कळतं.

वाक्य उतरवताना कर्ता आणि कर्म दोन्ही असलेलं पूर्ण वाक्य घ्या. 'सेट म्हणजे ठरवणे' एवढंच लिहून ठेवलं तर त्याचा उपयोग शून्य. 'दे सेट अ डेट फॉर द मीटिंग', म्हणजे त्यांनी बैठकीची तारीख ठरवली, असं लिहा.

मराठी क्रियापदांची चाळणी लावा

आता प्रत्येक वाक्य मराठीत आणा, आणि घाई न करता त्या जागी आपण सहज जे क्रियापद वापरू तेच वापरा. 'सेट'साठी मग अशी रांग लागते: खडा बसवणे, गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, तारीख ठरवणे, प्रश्नपत्रिका काढणे, पायंडा पाडणे, आदर्श घालून देणे, विक्रम करणे. शिवाय सूर्य मावळणे आणि सिमेंट घट्ट होणे. छापखान्यातली अक्षरजुळणीही इंग्रजीत 'सेट'नेच होते.

'रन'साठी: माणूस धावणे, यंत्र चालणे, संस्था चालवणे, नाक वाहणे, रंग सुटणे, रस्ता नदीच्या कडेने जाणे, करार अमुक तारखेपर्यंत लागू असणे, बातमी छापणे, धोका पत्करणे, अंगात ताप असणे, गुण घराण्यात असणे, निवडणुकीला उभं राहणे.

ही शेवटची गंमत पाहण्याजोगी आहे. अमेरिकी इंग्रजीत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' होतो, म्हणजे धावतो. ब्रिटिश इंग्रजीत तो 'स्टँड' होतो, आणि मराठीतही तो उभाच राहतो.

या यादीतून दोन गोष्टी दिसतात. 'सेट'साठी आपल्याकडे लावणे, बसवणे, ठरवणे ही तीन क्रियापदं पुन्हा पुन्हा येतात, तर 'रन'साठी चालणे आणि चालवणे. म्हणजे 'रन'चा शाळेत शिकलेला 'धावणे' हा अर्थ प्रत्यक्ष वाचनात मागच्या बाकावर असतो. यंत्र, दुकान, कार्यक्रम, संगणकावरचा प्रोग्रॅम, सगळं इंग्रजीत धावतं आणि मराठीत चालतं. 'रन' दिसला की आधी 'चालणे' लावून पाहायचं आणि मग 'धावणे', एवढी सवय केली तरी वाचन बरंच सुकर होतं.

गाभा एका ओळीत लिहा

आता प्रत्येक शब्दाचा गाभा स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत लिहायचा. माझी ओळ अशी: 'सेट' म्हणजे एखादी गोष्ट एका जागी किंवा एका स्थितीत आणून ठेवणं, मग ती तिथे टिकते, 'रन' म्हणजे एखादी गोष्ट न थांबता पुढे जात राहणं. गजर लावला की तो सहावरच राहतो, तारीख ठरली की ती ठरते, हाड बसलं की ते जुळून येतं. उलट रस्ता, करार, ताप, यंत्र हे सगळे सुरू राहतात.

गाभ्याबरोबर व्याकरणाची चाल लिहून ठेवा. 'सेट' मुळात सकर्मक आहे, कुणीतरी काहीतरी बसवतं. सूर्य, सिमेंट, हाड अशा थोड्या ठिकाणी तो अकर्मक होतो. 'रन'चं अगदी उलट. तो मुळात अकर्मक आहे, आणि कंपनी, यंत्र, चाचणी यांच्यासमोर सकर्मक होऊन 'चालवणे' असा अर्थ देतो. वाक्यात शब्दानंतर लगेच कर्म आहे की नाही, एवढं पाहूनच अर्धे अर्थ बाद करता येतात.

रूपांकडेही नजर असू द्या. 'सेट'ची तिन्ही रूपं सारखीच असतात, म्हणून 'शी सेट द अलार्म' हे वाक्य भूतकाळाचंच आहे. वर्तमानकाळ असता तर 'सेट्स' झालं असतं. 'आय सेट द अलार्म' मात्र दोन्ही काळांत बसतं, तिथे मागचं-पुढचं वाक्य पाहावं लागतं. 'रन'ची रूपं 'रन, रॅन, रन' अशी. 'हॅज'नंतर पुन्हा 'रन' येतं, 'रॅन' नाही. ही चूक भल्याभल्यांकडून होते. आणि 'इज रन बाय' दिसलं तर तिथे धावणं नसतं, अमुक माणसं ती संस्था चालवतात एवढाच अर्थ असतो.

एकच नाम, दोन क्रियापदं

ही या सगळ्या खटाटोपाची खरी पायरी. आधी शोधलेली सामाईक नामं घ्या आणि प्रत्येकासमोर दोन्ही क्रियापदं लावा.

घड्याळापासून सुरू करू. 'सेट द क्लॉक' म्हणजे घड्याळ लावणं, वेळ जुळवणं. 'द क्लॉक इज रनिंग फास्ट' म्हणजे घड्याळ पुढे चाललंय. पहिली क्रिया एकदाच करायची, दुसरी चालूच आहे.

परीक्षा किंवा चाचणी: 'सेट अ टेस्ट' म्हणजे प्रश्नपत्रिका काढणं, हे शिक्षकाचं काम. 'रन अ टेस्ट' म्हणजे तपासणी करणं, मग ती रक्ताची असो वा यंत्राची. इथे चूक केली तर अर्थ पार बदलतो. डॉक्टर 'सेट' करत नाहीत, परीक्षक सहसा 'रन' करत नाहीत.

कंपनीच्या बाबतीत 'सेट'ला 'अप' जोडावं लागतं. 'सेट अप अ कंपनी' म्हणजे कंपनी उभी करणं, 'रन अ कंपनी' म्हणजे ती चालवणं. दोन्ही कामं एकच माणूस करेल असं नाही, म्हणून नोकरीच्या अर्जात हा फरक जपून लिहावा.

कथेत 'सेट' स्थळकाळ सांगतो: 'द स्टोरी इज सेट इन अ स्मॉल टाउन', कथा एका लहान गावात घडते. हीच 'स्टोरी' वर्तमानपत्राच्या संदर्भात 'बातमी' होते आणि 'द पेपर रॅन द स्टोरी' म्हणजे वर्तमानपत्राने बातमी छापली.

सगळ्यात सुंदर जोडी रंगाची. कापड रंगवताना रंग धाग्यात पक्का बसावा म्हणून तुरटीसारखे पदार्थ वापरतात. रंग असा पक्का करण्याला इंग्रजीत 'सेट द डाय' म्हणतात. आणि तो पक्का बसला नसेल, पहिल्याच धुण्यात सुटून शेजारच्या पांढऱ्या कपड्यावर उतरला, तर 'द कलर हॅज रन'. कापड एकच, रंगही एकच. तो जागी राहिला तर 'सेट', जागा सोडून वाहू लागला तर 'रन'. दोन्ही शब्दांचे गाभे इथे समोरासमोर उभे राहतात. अशी एक जोडी तुमच्याही दोन शब्दांसाठी सापडेपर्यंत शोध सोडू नका, कारण पुढे बाकीचे अर्थ विसरले तरी या एका उदाहरणावरून ते पुन्हा काढता येतात. मराठीत कागदावर शाई फुटते, तेव्हाही इंग्रजीत 'रन' चालतं.

न बसणारे अर्थ लपवू नका

गाभा कितीही नीट लिहिला तरी काही अर्थ त्यात मावत नाहीत. ते बळेच कोंबू नका, वेगळे लिहा. 'सेट' म्हणजे स्थिर करणं, असं आपण म्हणालो. मग 'सेट आउट' आणि 'सेट सेल' म्हणजे प्रवासाला निघणं कसं? इथे पाऊल किंवा शीड एका दिशेकडे लावणं एवढीच मूळ क्रिया आहे, निघणं त्यामागून येतं. सूर्य खाली जाऊन बसतो, म्हणून 'सेट' होतो, हेही पटतं. पण 'रन अ रिस्क'मध्ये धोक्यासंबंधी धावणं कुठून आलं, याचा शोध घेत बसण्यापेक्षा तो शब्दप्रयोग जसाच्या तसा लक्षात ठेवणं शहाणपणाचं.

बातम्यांतलं 'इज सेट टू' इथेच नोंदवा. 'प्रायसेस आर सेट टू राइज' म्हणजे किमती वाढण्याच्या बेतात आहेत. यात कुणी किमती ठरवल्याचं म्हटलेलं नसतं. मथळ्यांत हे इतकं येतं की त्यासाठी वेगळी ओळ राखलेली बरी.

अर्थ दोन की एकच? एक चाचणी

दोन वाक्यांतला अर्थ वेगळा आहे की एकाच अर्थाचा विस्तार, असा प्रश्न वारंवार पडेल. त्यावर भाषाभ्यासकांचा एक साधा उपाय आहे: दोन्ही कर्मं एकाच क्रियापदाला जोडून पाहा. मराठीत 'त्याने छत्री आणि शपथ घेतली' असं म्हटलं की कानाला खटकतं, कारण दोन 'घेणे' वेगळे आहेत. 'शी रॅन अ स्कूल अँड अ हॉस्पिटल' खटकत नाही, म्हणजे अर्थ एकच, चालवणं. 'शी रॅन अ स्कूल अँड अ फीव्हर' लगेच खटकतं. तसंच तारीख आणि वेळ एकाच 'सेट'ला जोडता येतात, तारीख आणि मोडलेलं हाड जोडता येत नाहीत. खटकलं तर वहीत नवी ओळ, नाही खटकलं तर त्याच ओळीत नवं उदाहरण. या चाचणीने पंधरा-वीस वाक्यांतून खरे वेगळे अर्थ आठ-दहाच उरतात.

दुसरा आडाखा विरुद्धार्थी शब्दांचा. सूर्याच्या 'सेट'ला 'राइज' हा विरुद्ध शब्द आहे, सिमेंटच्या 'सेट'ला तो लागू पडत नाही. विरुद्ध शब्द बदलला की अर्थही बदलला, असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

शेपूट लागलेली रूपं

'सेट ऑफ', 'सेट बॅक', 'रन आउट', 'रन इंटू' यांसारखी रूपं वेगळ्या पानावर ठेवा; ती मूळ शब्दाच्या अर्थांत मिसळली की गोंधळ अटळ. एकच शेपूट दोन्ही शब्दांना लावून पाहिलं तर तुलना इथेही कामाला येते. 'सेट आउट' म्हणजे निघणं किंवा मुद्दे सविस्तर मांडणं. 'रन आउट' म्हणजे संपणं, क्रिकेटमध्ये धावबाद होणं. 'सेट इन' म्हणजे थंडी, पाऊस किंवा निराशा मुक्काम ठोकून बसणं. 'रन इन' म्हणजे नवं इंजिन हळूहळू चालवून रुळवणं. 'सेट डाउन' म्हणजे खाली ठेवणं किंवा लिहून काढणं, आणि 'रन डाउन'चे तर तीन वेगळे: धडक देऊन पाडणं, कुणाची नालस्ती करणं, बॅटरीसारखं हळूहळू संपत जाणं. कोर्टाच्या बातमीतलं 'सेट असाइड' मात्र जपून वाचा. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बाजूला काढून ठेवणं. न्यायालयाने आधीचा निकाल 'सेट असाइड' केला म्हणजे तो रद्द ठरवला.

पडताळा

हे सगळं झालं की दोन-तीन दिवस वही बंद ठेवा आणि मग नवी वाक्यं घेऊन बसा. वाक्यं तुम्ही जमवलेल्यांपैकी नसावीत. दहा कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा संगणकावर शोधता येणारा संग्रह, यासाठी उत्तम. शब्द टाकला की खऱ्याखुऱ्या लिखाणातली वाक्यं रांगेने समोर येतात. प्रत्येक वाक्याला आधी कर्म आहे का ते पाहा, मग मराठी क्रियापद लावा, मग ते वहीतल्या कुठल्या ओळीत जातं ते ठरवा. जे वाक्य कुठेच जात नाही त्यावर खूण करा आणि कोशात पाहा. अशी वाक्यं थोडी निघाली तर तुलना जमली. बरीच निघाली तर बहुधा गाभ्याची ओळ अरुंद झालेली असते. ती पुसून पुन्हा लिहा.

सराव म्हणून हे एक वाक्य घ्या, ज्यात दोन्ही शब्द आहेत: 'द शो इज सेट टू रन टिल मार्च'. दोन्हींच्या ओळी नीट लिहिल्या असतील, तर कुणी काही बसवलेलं नाही आणि कुणी धावतही नाही, हे लगेच कळेल: खेळ मार्चपर्यंत चालणार आहे. हे जमलं की 'मेक' आणि 'डू' घ्या, कारण मराठीत दोन्हींसाठी 'करणे' येतं आणि तिथे चाळणीची खरी कसोटी लागते. त्यानंतर 'टेक' आणि 'गेट'.